निनावी कॅटमरान आणि सात इंचांचा फरक

न्यू जर्सीहून एका वाचकांनी लिहिलं आहे:

«मागच्या वर्षी घर घेतलं. परसात ताडपत्रीखाली दोन हलांची (म्हणजे दोन लांबट, पोकळ धडांची) जुनी शिडाची बोट ट्रेलरसकट पडून होती. आधीचे मालक म्हणाले, ‘हॉबी असावी, माझ्याही आधीपासून इथेच आहे.’ बोटीवर कुठेही नाव नाही. मोठ्या शिडावर मात्र हॉबीचं एच चिन्ह आहे. टेप लावली तर लांबी सोळा फुटांच्या आसपास आणि रुंदी आठ फुटांना एक इंच कमी भरते. पाण्यात उतरणारी फळी किंवा तिच्यासाठी खाच कुठे दिसत नाही. दोन हलांच्या मधलं बसायचं ट्रॅम्पोलिन फाटलंय, एक सुकाणू तुटलंय. हॉबी १६ चे भाग मागवू का? बोट किती जुनी असेल? आणि चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन ती पाण्यात घालण्याजोगी आहे की नाही, हे कसं ठरवू? तीन फोटो जोडले आहेत.»

हॉबी १६ चे भाग मागवू नका. हॉबी ही अशा दोन हलांच्या बोटी, म्हणजे कॅटमरान, बनवणारी अमेरिकन कंपनी. तुमची बोट हॉबी १६ नाही, आणि हे सांगायला तुमचा दुसरा फोटो पुरेसा आहे. त्यात पुढचा आडवा बीम थेट हलच्या डेकवर बसवून बोल्टने आवळलेला दिसतो. हॉबी १६ मध्ये तसं नसतं. तिथे ट्रॅम्पोलिनची ॲल्युमिनियमची चौकट हलांना टेकत नाही. ती चार आखूड खांबांवर उभी असते आणि डेक व चौकट यांच्यात सहज हात जाईल एवढी मोकळी जागा राहते. धाकटी हॉबी १४ सुद्धा अशीच खांबांवरची. हे खांब हलमध्ये खोल बसवलेले असतात, त्यामुळे कुणी नंतर काढून टाकले असतील ही शक्यता सोडून द्या.

मग शिडावरचा एच? शीड हा बोटीचा सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार. ही शिडं उन्हात काही हंगामांत कामातून जातात आणि लोक हाताला लागेल ते जुनं शीड चढवतात. हलवरचे पट्टे, स्टिकर, रंग यांचंही तेच. ओळख पटवायची ती ज्या गोष्टी बोल्ट काढून बदलता येत नाहीत त्यांच्यावरून: हलचा आकार, बीम हलला कसा जोडला आहे, आणि नीट घेतलेली मापं.

‘नीट घेतलेली’ यावर जोर आहे, कारण तुमचं ‘सोळा फुटांच्या आसपास’ इथे चालणार नाही. हॉबी १६ नावाला सोळाची असली तरी लांबीला १६ फूट ७ इंच आहे. तुमच्या बोटीसाठी आमच्या मनात जी आहे ती दुसरी अमेरिकन कॅटमरान, प्रिंडल १६, बरोबर १६ फूट. फरक फक्त सात इंचांचा, आणि चुकीच्या पद्धतीने टेप लावली तर तेवढा कुठल्याही बाजूला सहज सरकतो. डेकच्या वळणावरून टेप नेली की माप वाढतं. सुकाणूसकट मोजलं की आणखी वाढतं. म्हणून असं करा: बोट सपाट जमिनीवर समतल ठेवा, सुकाणू काढा, पुढच्या टोकावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, मागच्या टोकावरूनही तसंच, आणि मग दोन खुणांमधलं अंतर जमिनीवरच मोजा. दोन्ही हल वेगवेगळे मोजा. दोन्हींत अर्ध्या इंचापेक्षा जास्त तफावत आली तर ते दोन वेगळ्या बोटींचे असू शकतात. जुन्या कॅटमरानमध्ये हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

रुंदीचा मात्र इथे उपयोग नाही. हॉबी १६ आणि प्रिंडल १६ दोन्ही ७ फूट ११ इंचांच्याच. त्या काळी अमेरिकेत रस्त्यावर ओढून न्यायच्या गाडीला आठ फुटांची मर्यादा होती, त्यामुळे एकोणीसशे सत्तरच्या दशकातल्या बहुतेक बीच कॅट (किनाऱ्याच्या वाळूवरून पाण्यात घालायच्या छोट्या कॅटमरान) आठ फुटांच्या आत किंवा आठाला टेकून आहेत. १९८२ च्या कायद्याने मोठ्या रस्त्यांवर साडेआठ फूट चालू लागले आणि त्यानंतर प्रिंडल १९, हॉबी २० अशा साडेआठ फुटी बोटी आल्या. तुमची रुंदी एवढंच सांगते की आराखडा बहुधा त्या जुन्या मर्यादेतला आहे.

आता हलचा आकार. बोटीच्या पुढे गुडघ्यांवर बसा आणि एका हलच्या कण्यावरून मागे नजर टाका. मग हलच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगाला, पाणरेषेच्या उंचीवर, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. बाहेरचं अंग दोरीला जवळजवळ चिकटून जात असेल आणि आतलं अंग फुगलेलं असेल, तर हल असममित आहे. वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूचा हल पाण्यात दबतो आणि त्याचा आत वळलेला फुगवटा बोटीला, वारा येतो त्या बाजूला परत ओढतो. विमानाच्या पंखाचं तत्त्व इथे उभं करून वापरलंय. म्हणूनच अशा बोटींना खाली उतरवायची फळी लागत नाही आणि त्या भरधाव येऊन सरळ वाळूवर चढतात. कॅलिफोर्नियात होबार्ट ‘हॉबी’ ऑल्टर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस हॉबी १४ आणली ती याच कल्पनेवर, आणि पुढे हॉबी १६ आली. जेफ्री प्रिंडल यांच्या आराखड्यावरच्या प्रिंडल १६ आणि १८ तिथूनच आलेल्या आणि त्याच घराण्यातल्या, पण हल जास्त खोल, पुढच्या भागात जास्त फुगीर, आणि ट्रॅम्पोलिन डेकच्या पातळीला. हॉबी १६ बाजूने पाहिली तर केळ्यासारखी वाकलेली दिसते, प्रिंडलचा बाक त्यामानाने सौम्य.

तुमच्या पत्रातलं ‘खाच दिसत नाही’ हे इथे मोलाचं आहे, पण एकदा हात फिरवून खात्री करा. खाच फायबरग्लासने बुजवून वर रंग मारलेला असू शकतो. डेकवर हलच्या मध्याजवळ एक अरुंद लांबट खड्डा आणि त्याच रेषेत तळाला दुसरा सापडला, तर हल सममित आणि बोट वेगळ्याच घराण्याची: हॉबी १८, नॅक्रा ५.२ किंवा ५.८, प्रिंडल १८-२ किंवा १९. नॅक्राच्या नावातला आकडा मीटरमधली लांबी असते, ५.२ म्हणजे सुमारे सतरा फूट. तळाला मध्याच्या मागे हलमध्येच घडवलेला माशाच्या परासारखा उंचवटा असेल, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) नसेल आणि लांबी अठरा फूट असेल, तर रॉडनी मार्च यांची इंग्लंडची डार्ट १८. डोलकाठीच्या जागी दोन नळ्यांची कैची उभी राहत असेल, तर छोटी अक्वा कॅट. मुख्य डोलकाठीच्या पुढेही दुसरं ट्रॅम्पोलिन ताणलेलं असेल, तर जी-कॅट बघा. तुमच्या फोटोंत यातलं काही नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

आमचा अंदाज: प्रिंडल १६. ओळंब्याने लांबी १६ फूट भरली आणि हल असममित निघाले, तर तो अंदाज जवळजवळ पक्का. शेवटचा शिक्का हलच्या क्रमांकाचा.

१ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीला बारा अक्षर-अंकांचा हल ओळख क्रमांक असावा लागतो. बहुतेक लोक तो मागच्या टोकावर शोधतात, सापडला नाही की सोडून देतात. कॅटमरानसाठी दोन जागा बघायच्या. एक, उजव्या हलचं मागचं टोक, बाहेरच्या बाजूला, डेकच्या कडेपासून दोन इंचांच्या आत. दोन, मागचा आडवा बीम, उजव्या हलला जिथे जोडला आहे तिथून एका फुटाच्या आत. हल सहज बदलता येणाऱ्या कॅटमरानसाठी नियमाने ही दुसरी जागा दिलेली आहे. क्रमांक रंगाखाली गेला असेल तर घासू नका. सँडपेपरच्या दोन फेऱ्यांत तो कायमचा जातो. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, खोदलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवा.

पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. सीसीएम असेल तर हॉबीची कंपनी, आणि मग आमचा सगळा अंदाज मोडीत. दुसरी कुठलीही तीन अक्षरं आली तर अमेरिकन कोस्ट गार्डच्या उत्पादक-संकेतांच्या सार्वजनिक यादीत ती बघा. मात्र बंद पडलेल्या कंपनीचा संकेत पुढे दुसऱ्याच कंपनीला दिला गेलेला असू शकतो, त्यामुळे यादीतली वर्षंही तपासा. क्रमांक एनजेझेडने सुरू होत असेल, तर तो कारखान्याचा नव्हेच. मूळ क्रमांक नसलेल्या बोटीला राज्याने नंतर दिलेला आहे, आणि बनवणाऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

मधली पाच अक्षरं अनुक्रमांक. शेवटची चार वयाची, आणि इथे लोक हमखास पाच महिन्यांनी चुकतात. ऑगस्ट १९८४ पूर्वी दोन पद्धती चालत. शेवटी नुसते चार आकडे असतील तर महिना आणि वर्ष: ०६७८ म्हणजे जून १९७८. एम अक्षराने सुरू होत असेल तर पुढचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे आणि शेवटचं अक्षर महिन्याचं, पण त्या पद्धतीत ए म्हणजे ऑगस्ट. एम७९डी असलेली बोट मॉडेल १९७९ ची, पण बनली नोव्हेंबर १९७८ मध्ये. ऑगस्ट १९८४ नंतरच्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी: डी५८५ म्हणजे एप्रिल १९८५, मॉडेल १९८५. क्रमांकाची जागा कोरी, खरवडल्याची खूणही नाही, असं असेल तर बोट नोव्हेंबर १९७२ च्या आधीची असू शकते. प्रिंडल १६ साठी ते फारच सुरुवातीचं ठरेल, म्हणून आधी दुसरी जागा पुन्हा नीट बघा. बोट युरोपातून आलेली असती तर १९९८ नंतर क्रमांकाच्या आधी देशाची दोन अक्षरं असती.

सुटे भाग. तुम्हाला लागणाऱ्या निम्म्या वस्तूंसाठी बोटीचं नाव लागतच नाही. डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा मापावर बनवून मिळतात: जुनी तार ताणून एका टोकाच्या पिनच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा, व्हर्नियरने जाडी घ्या (या आकाराच्या बोटीत बहुधा १/८ इंच किंवा त्याहून थोडी कमी), आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठवा. शॅकल, पुली, दोऱ्या, मागचे निचऱ्याचे बूच हेही मापावर. ट्रॅम्पोलिन शिवून घेता येतं. त्यासाठी जुन्याची मापं नकोत, ते ताणलेलं असतं. चौकटीच्या आतली मापं आणि खाचेत सरकणाऱ्या दोरीची जाडी द्या.

नाव पक्कं हवं ते सुकाणूच्या ओतीव भागांसाठी, डोलकाठीच्या तळाच्या बैठकीसाठी आणि बीमच्या जोडांसाठी. सुकाणू मागवण्याआधी हलच्या मागच्या बिजागऱ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, आणि पिनचा व्यास मोजा. विक्रेत्याला नावाबरोबर ही दोन मापंही कळवा, कारण तुमच्या बोटीवर आधीच कुणीतरी हॉबीची बिजागरी बसवलेली असू शकते. ओतीव भागांच्या आतल्या बाजूला बरेचदा कंपनीचं नाव किंवा भाग क्रमांक उठावदार असतो, गंज आणि मीठ तारेच्या ब्रशने काढून बघा. प्रिंडल आणि नॅक्रा पुढे एकाच कंपनीकडे आल्या, त्यामुळे प्रिंडलचे भाग नॅक्राचा माल ठेवणाऱ्यांकडे विचारा. कॅलिफोर्नियात कार्पिन्टेरियाचं मरेज हे दुकान बीच कॅटच्या भागांसाठी जुनं आणि ओळखीचं आहे.

पण हे सगळं मागवायच्या आधी हल तपासा. बोटीचं नाव कळण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे, आणि पत्रात तुम्ही याला शेवटी ठेवलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही बूच काढून पुढची टोकं उंच करा आणि रात्रभर तसंच ठेवा. पाणी निघालं तर किती ते बादलीत मोजा. मग एका जाड नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने संपूर्ण डेक आणि हलच्या बाजू दोन-दोन इंचांवर ठोकत जा. पक्क्या जागी आवाज टणक आणि छोटा येतो. जिथे बद्द, कागदी आवाज येईल तिथे आतल्या फोमपासून फायबरग्लासचा थर सुटलेला आहे. तिथे अंगठ्याने दाबा. पृष्ठभाग दबला आणि ‘टक’ करून परत आला, तर नक्कीच. पुढच्या बीमच्या पुढचा हात-दीड हात डेक आणि त्याच जागच्या बाजू सगळ्यात आधी सुटतात, कारण डोलकाठीचा आणि पुढच्या तारांचा सगळा ताण तिथे येतो. ताडपत्रीखालची उष्णता आणि आत साचलेलं पाणी बाकीचं काम करतात. मऊ जागांभोवती पेन्सिलीने रेघ मारा. तळहाताएवढा एखादा डाग दुरुस्त होतो: वरच्या थरात १/८ इंचाची भोकं एकेक इंचावर पाडायची, आतला थर न भेदता, आणि पातळ इपॉक्सी सिरिंजने एका भोकात घालत राहायचं, ते शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत. आधी आतला भाग पूर्ण कोरडा हवा. ओल्या फोमवर इपॉक्सी धरत नाही आणि दुरुस्ती पहिल्याच हंगामात उकलते. पुढच्या बीमच्या दोन्ही बाजूंना मऊ जागा पसरली असेल तर पैसे घालू नका. बोट भागांसाठी विका. अशा व्यवहारात ट्रेलरचेच जास्त पैसे येतात.

नंतर तळ. फळी नसलेल्या बोटी आयुष्यभर वाळूवर ओढल्या जातात आणि कण्याचा मागचा भाग झिजून कागदासारखा होतो. हल उलटा करा, अंधारात बूचाच्या भोकातून किंवा निरीक्षण झाकणातून आत छोटा दिवा सोडा. जिथून उजेड इतर जागांपेक्षा स्पष्ट जास्त येतो तिथे काचकापडाचे थर चढवायला हवेत.

मग जोड. डेक आणि हल जिथे चिकटवले आहेत ती संपूर्ण कड साबणाच्या पाण्याने ओली करा, बूचाच्या भोकात रबरी नळी बसवून तोंडाने फुंका आणि दुसऱ्या माणसाला बुडबुडे बघायला सांगा. कॉम्प्रेसर लावू नका. चौरस इंचाला एक पौंड एवढा किरकोळ दाबसुद्धा एका हलच्या डेकवर हजार पौंडांहून जास्त जोर लावतो, आणि चांगला जोड तुम्ही स्वतःच्या हाताने उकलाल. बुडबुडे बीमच्या बोल्टांपाशी आणि बिजागऱ्यांच्या स्क्रूंपाशीही बघा. गळती तिथूनच जास्त होते, आणि बोल्ट काढून सागरी सीलंटमध्ये परत बसवला की भागतं.

तारा सरसकट बदला. त्यांचं वय माहीत नाही, एवढंच कारण पुरेसं आहे. प्लास्टिकचं वेष्टण असेल तर गंज त्याच्या आत, टोकाच्या दाबलेल्या नळकांड्यापाशी असतो आणि बाहेरून दिसत नाही. एक तार तुटली की डोलकाठी बसलेल्यांच्या अंगावर येते.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. घराच्या आवारात, रस्त्यावर, उतरणीवर कुठेही वीजवाहिन्या असतील तर तिथे ती उभी करायची नाही, आणि उभी केलेली बोट त्यांच्याखालून ढकलायचीही नाही. ॲल्युमिनियमची काठी वीजवाहिनीला लागून माणसं दगावली आहेत. त्यामुळेच एकोणीसशे ऐंशीच्या दशकात हॉबीने डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा केला. तुमच्या काठीचा वरचा भाग तसा निघाला तर तीही हॉबीवरून आलेली आहे. मग तिची लांबी मोजा: २६ फूट ६ इंच भरली तर शीड आणि काठी दोन्ही हॉबी १६ ची, आणि तारांची मापं प्रिंडलच्या यादीतून न घेता प्रत्यक्ष बोटीवरूनच घ्यायची. काठी उभारायला दोन मोठी माणसं हवीत. मुलीला दोरी धरायला ठेवा, काठीखाली नको.

कागद. ट्रेलर आणि बोट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्हींची मालकी वेगळी नोंदते. घराच्या खरेदीखतात परसातल्या वस्तूंचा उल्लेख असला तरी तो बोटीचा मालकी-दाखला होत नाही. सापडलेला हल क्रमांक घेऊन राज्याच्या वाहन कार्यालयात आधी विचारा की ती अजून कुणाच्या नावावर आहे का, मगच भाग मागवा. आधीच्या मालकांकडून साध्या कागदावर सहीनिशी विक्रीपत्र घेऊन ठेवा, ते अजून फोन उचलताहेत तोवर.

पहिल्यांदा पाण्यात घालताना शीड चढवू नका. कमरेएवढ्या शांत पाण्यात, बूच लावून, तुम्ही दोघं ट्रॅम्पोलिनवर बसून अर्धा तास बोट नुसती तरंगू द्या, अंगात लाइफ जॅकेट असू द्या. बाहेर काढून बूच उघडा. प्रत्येक हलमधून कपभर पाणी आलं तर हंगामभर चालेल. तांब्या-दोन तांबे आलं तर साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा, या वेळी बिजागऱ्यांपासून सुरू करून. बादलीच्या हिशोबात आलं, तर गळकी जागा सापडेपर्यंत मुलीला घेऊन जाऊ नका.